विरळ सावली

राजज्योतिषी मुशेझिबने बाहीने डोळे पुसले आणि गच्चीच्या कठड्याला टेकून पुन्हा चंद्राकडे पाहिलं. पहाट व्हायला आली होती. निनवेच्या तटावर उतरलेल्या पुनवेच्या चंद्राची एक कड मळकट दिसत होती. राखेचं बोट लागावं तशी.

"लागलं का, काका?" ओल्या मातीची पाटी मांडीवर घेऊन बसलेल्या लाबाशीने विचारलं.

"थांब जरा."

खाली राजवाड्याच्या अंगणात सिलिम माळ्याला न्हाऊ घालून, दाढी विंचरून बसवलं होतं. ग्रहण लागलं की संकट राजावर. मग काही दिवस राजाचा झगा सिलिमच्या अंगावर चढणार आणि शेवटी राजाचं मरण सिलिमने मरायचं. त्याच्याशेजारी राणी म्हणून कुणाची तरी लेक बसवली जाई. तीही त्याच्याबरोबर जाई.

हे ग्रहण अठरा वर्षांनी फिरून येतं. मुशेझिबच्या गुरूंनी तरुणपणी पाहिलं तेव्हा सावलीने चंद्राचा चांगला चार बोटं घास घेतला होता. पुढे ती ओसरत गेली. गेल्या खेपेला, एका संध्याकाळी, ती कडेला जेमतेम शिवली. मुशेझिबने दिसलं तसं कळवलं. त्या खेपेला राणी म्हणून नेली ती त्याचीच मुलगी होती, दमकाया.

"माझे डोळे तरुण आहेत, काका. कड काळवंडलीय."

"भट्ट्या पेटल्यात. धूर आहे तो."

"वारा तर उलटा आहे."

मुशेझिबने त्याच्याकडे वळून पाहिलं. "खरी सावली लचका तोडते. लचका दिसतो तुला?"

"लचका नाही."

"मग तसं लिही."

"उद्या राजाला साधा ताप जरी आला ना, आपली मुंडकी तटावर टांगतील."

"माझं टांगतील. तू लिही."

लाबाशीने बराच वेळ बोरू नुसताच धरून ठेवला. मग खाली वाकून तो पाटीवर खुणा उमटवू लागला. चंद्र तसाच, मळका पण अख्खा, तटाआड गेला.

उजाडल्यावर सिलिमला सोडलं. चपला न घालताच तो वेशीकडे पळाला. बाहेर बसलेल्या त्याच्या बायकोने त्याला मिठी मारली नाही. दोन्ही मुठींनी त्याची छाती बडवत ती रडत राहिली. मुशेझिब बाजूने निघून गेला.

घरी बनीतू दारात बसून जव भरडत होती.

"लागलं का हो?"

"नाही. यंदा सावली शिवलीच नाही. नुसती कड मळली. धूर म्हणून सांगितलं."

"सोडलं त्या माळ्याला?"

"सोडलं."

"आणि पोरगी?"

"राजाची माणसं कुणाच्याच दारात गेली नाहीत."

तिने मान हलवली. जवावरचा दगड पुन्हा सरकू लागला. मुशेझिबने हातपाय धुतले आणि तो भिंतीला पाठ लावून बसला.

"आपल्या पोरीच्या वेळी सावली किती होती?" तिने खाली बघतच विचारलं. एवढ्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं.

त्याने अंगठा पुढे केला, मग लगेच मुठीत मिटला.

"नखाएवढी."

दगड थांबला. बनीतूने सांडलेलं पीठ तळहाताने गोळा केलं, हात पदराला पुसले आणि भाकरी-खजुराची थाळी त्याच्यापुढे सरकवली.

"तेवढी धुरात खपली असती," ती म्हणाली.