सात महिन्यांची झोप

जर्मनीतल्या एरफुर्टच्या मुलांच्या टीव्ही वाहिनीत पत्रांचं काम लिंडिगबाईंकडे होतं. वाहिनी सरकारची नव्हे आणि शेठजींचीही नव्हे, घरोघरच्या वर्गणीवर चालणारी. म्हणून लिंडिगबाईंचं ठाम मत असं की, ज्यांच्या घरातून वर्गणी येते त्या घरातल्या पोराच्या पत्राला उत्तर गेलंच पाहिजे. वर्षाला हजारो पत्रं. कुणी दात पडल्याचं कळवलेलं, कुणी दातच पाठवलेला. एकूण एक पत्राला उत्तर जायचं, खाली शाईची सही.

मार्चमधल्या त्या गुरुवारी मात्र त्या एक पाकीट घेऊन स्वतःच जिना उतरून बाहुल्यांच्या खोलीत आल्या.

"वालबुर्गा, बसलीयेस ना? मग बसूनच वाच."

वालबुर्गा हेन्कल तेव्हा नुसेलच्या कानाला टाका घालत होती. नुसेल म्हणजे तिच्या हातातला बाहुला, अक्रोडाच्या झाडाखाली बिळात राहणारा सातझोप्या. खारीएवढा राखाडी प्राणी, टपोऱ्या डोळ्यांचा. वर्षातले सात महिने झोपतो म्हणून इकडे त्याच्या नावातच सात. गेली एकोणीस वर्षं वालबुर्गा त्याला हलवत होती, बोलवत होती. संध्याकाळी सातला दहा कमी असताना नुसेल मुलांना शुभरात्री म्हणायचा. ऑक्टोबर आला की तो खरोखरीच झोपायचा आणि मेच्या पहिल्या रविवारी उठायचा. मधले सात महिने गोष्टी दुसरे प्राणी सांगत, पण शेवटी दहा सेकंद झोपलेला नुसेल दाखवायचेच. पोट वर, पोट खाली. पोटात एक रबरी फुगा होता आणि त्याची नळी वालबुर्गाच्या मुठीत. नवीन लोक म्हणायचे, एकदाच चित्रित करून रोज तेच लावा की! ती म्हणायची, "मुलांना कळतं." आणि दर आठवड्याला नवा श्वास द्यायची.

तिने पत्र उघडलं. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली.

"प्रिय नुसेल, तू ऑक्टोबरमध्ये झोपलास. माझे आजोबा नोव्हेंबरमध्ये झोपले. आई म्हणाली ते शांत झोपलेत. पेपरात पण छापलं होतं. त्यांना तुझ्यासारखंच जमिनीखाली ठेवलंय. तू उठशील तेव्हा त्यांना पण उठव. त्यांना कमी ऐकू येतं, जोरात हाक मार. मी त्यांचे बूट पुसून दारात ठेवलेत. स्वेया, सहा वर्षं, लवकरच सात."

वालबुर्गाने पत्र दोनदा वाचलं आणि सुई गादीला टोचून ठेवली.

"पत्ता?"

"पत्ता असता तर मी जिने कशाला उतरले असते?" लिंडिगबाई म्हणाल्या. "पाकिटावर तुझ्या बिळाचा पत्ता तेवढा अचूक घातलाय. पोस्टाचा शिक्का फासलेला. सॅक्सनीतला असावा, इतकंच दिसतं. चार दिवस फोन करतेय मी. बालवाड्या, शाळा. या नावाच्या अकरा पोरी सापडल्या, अकराही जणींचे आजोबा ठणठणीत."

माणूस गेला की "शांतपणे झोपी गेले" असं म्हणायची, छापायची इकडे जुनी रीत. म्हणणाऱ्याचं मन दुखत नाही, ऐकणाऱ्याचंही. पण सहा वर्षांच्या पोरीने ते शब्द जसेच्या तसे घेतले होते आणि त्याला पुरावा म्हणून समोर होता नुसेल. तो मेमध्ये उठणार. आजोबा उठणार नाहीत. त्या रविवारी त्या दारात काय होईल, याचा विचार करायला वालबुर्गाला धीर होईना.

कार्यक्रमाची जबाबदारी हेनरिके ओस्टवाल्डची. चाळिशीची, हुशार, बोलण्यात तिखट. तिने पत्र वाचलं, चष्मा काढून पुसला, परत लावला.

"उत्तर द्यायचं. प्रश्नच नाही. पण कसं? पत्ता नाही."

"नुसेल देईल की. उठेल तेव्हा," वालबुर्गा म्हणाली.

"तू शुद्धीवर आहेस ना गं? उपास डोक्यात गेलेत तुझ्या." ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस वालबुर्गा गोडाला हात लावत नसे आणि हेनरिकेला त्यावरून तिला चिडवल्याशिवाय चैन पडत नसे. "शुभरात्रीचा कार्यक्रम आहे हा. आईबाप विश्वासाने पोरांना समोर बसवतात आणि पाठोपाठ अंथरुणात घालतात. त्यांना काय सांगायचं, बाळांनो, माणसं मरतात, आता झोपा?"

"मग त्यांनी झोपायचं नाव मरणाला का दिलं?"

"ते काय मी दिलं?"

"नाही. पण आपण रोज संध्याकाळी तेच म्हणतो. झोपा आता."

बोलण्यात हरली की हेनरिके कामाला लागायची, हा तिचा मोठा गुण. दुसऱ्या दिवशी तिने चार ओळी लिहून आणल्या. झाडाचं पान पिकतं, गळतं, मातीत मिळतं.

"आणि वसंतात पुन्हा फुटतं," वालबुर्गा म्हणाली. "ही पोरगी झाडाखाली जाऊन बसेल."

"बरं, मग लांबच्या प्रवासाला गेले म्हणू."

"प्रवासाहून माणूस घरी येतो."

लिंडिगबाई कॉफी ढवळत होत्या. "माझ्या आजीने मला सांगितलं होतं, आजोबा तारा झाले."

"मग?"

"मग काय! आठवडाभर आभाळ भरून होतं. मी आजीला विचारलं, आता तारा पण मेला का? तिने मला एक ठेवून दिली."

तिघी हसल्या. हेनरिकेने आपला कागद चोळामोळा करून टाकला आणि म्हणाली, "आपल्या इथे खोटं सांगायचं नाही, हे मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. आणि खरं सांगून पोराला एकटं टाकायचं नाही, हे दुसऱ्या दिवशी. या दोन्हींच्या मध्ये बसेल असं एक वाक्य आण वालबुर्गा. एकच. मेच्या त्या रविवारचं रेकॉर्डिंग याच बुधवारी आहे. आणलंस तर मी वरच्यांशी भांडते. नाही आणलंस तर नुसेल नेहमीसारखा जांभई देत उठेल."

शनिवार गेला, रविवार गेला. वालबुर्गा चर्चला जाऊन आली, बटाट्याचे गोळे उकडले, ते गार झाले तरी तिचं लक्ष नाही. वाक्य सुचत नव्हतं. जे सुचे ते तिच्या श्रद्धेतलं होतं. आणि वर्गणी भरणाऱ्या सगळ्या घरांत तिची श्रद्धा नव्हती. निम्म्या घरांत तर कुठलीच नव्हती. बाहुल्याच्या तोंडून स्वतःचा देव बोलवणं तिला चोरीसारखं वाटे. एकोणीस वर्षांत ते तिने कधी केलं नव्हतं.

मंगळवारी ती नुसेलला घेऊन श्वास चित्रित करायला बसली. चित्रण काही आठवडे आधीच व्हायचं, म्हणून झोपेतला शेवटचा आठवडा आत्ताच. मूठ मिटली, पोट वर. मूठ उघडली, पोट खाली. तिची नजर त्या राखाडी पोटावर होती आणि एकदम तिला आईची खाट आठवली. हायलिगेनश्टाटच्या घरात शेवटची रात्र तिने अशीच काढली होती, आईच्या पांघरुणाकडे बघत. वर, खाली. वर, खाली. आणि मग नाही. आई झोपली आहे असं त्या क्षणी तिला वाटलं नव्हतं. शेजारच्या खोलीत भाऊ झोपला होता, त्याचं घोरणं भिंतीतून ऐकू येत होतं. झोप म्हणजे ते. हे निराळंच होतं. दोन्हींत गफलत व्हायला जागाच नव्हती.

ती तशीच उठली, नुसेल हातात, नळी लोंबतेय, आणि हेनरिकेच्या दारात जाऊन उभी राहिली.

"झोपलेला श्वास घेतो," ती म्हणाली.

"काय?"

"एकच वाक्य मागितलंस ना? झोपलेला श्वास घेतो. मेलेला घेत नाही. म्हणून झोपलेला उठतो. प्रत्येक पोराला स्वतःच्या पोटावर हात ठेवून बघता येईल. ज्यांना झोपायची भीती वाटते त्यांनाही."

हेनरिकेने खुर्ची मागे सरकवली. मग तिचा हात नकळत आपल्याच पोटावर गेला.

"बस इथे," ती म्हणाली. "आत्ता लिहून काढू. आणि तो उंदीर खाली ठेव, माझ्याकडे बघतोय."

"उंदीर नाही तो."

"माहितीये गं बाई."

बुधवारी चित्रण झालं. नुसेल उठला, डोळे चोळले, जांभई दिली, आणि मग बिळाच्या तोंडाशी बसून म्हणाला: "मला एका मैत्रिणीचं पत्र आलंय. तिच्या आजोबांबद्दल लोक म्हणाले, ते झोपले. माझ्यासारखे. पण मैत्रिणी, तसं नाहीये. मी झोपलो होतो तेव्हा माझं पोट हलत होतं, तू रोज पाहिलंस. झोपलेला श्वास घेतो, म्हणून तो उठतो. तुझे आजोबा श्वास घेत नाहीत. ते मेलेत. मी हाक मारली तरी ते उठणार नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं. आता जवळ कुणी मोठं माणूस असेल तर त्याला चिकटून बस. आणि तुम्ही सगळ्यांनी पोटावर हात ठेवा बघू. हललं? मग खुशाल झोपा. सकाळी उठालच, आणि संध्याकाळी भेट आहे."

कॅमेऱ्यामागचा माणूस दोन मुलांचा बाप होता. त्याने "झालं" म्हणायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. दुसऱ्यांदा घ्यायचं का, हे कुणी विचारलंच नाही.

वरच्यांशी हेनरिके भांडली ती दोन तास. खाली आली तेव्हा कान लाल. "होकार दिलाय. वर आणखी काय म्हणाले माहितीये? आईबापांसाठी आदल्या दिवशी सूचना द्या आणि सोमवारी फोनवर माणसं बसवा. मी इतकी तयारी करून गेले होते, आणि त्या लोकांनी मला नीट भांडूही दिलं नाही."

मेच्या पहिल्या रविवारी नुसेल पडद्यावर उठला आणि सोमवारी सकाळपासून फोन सुरू झाले. काही रागाचे, बरेचसे आभाराचे. एका आजीने सांगितलं, नातवंडांनी कुत्र्याच्या पोटावर सुद्धा हात ठेवून पाहिला. तिसऱ्या प्रहरी लिंडिगबाईंनी फोनवर तळवा दाबून खूण केली आणि वालबुर्गाकडे दिला.

"मी स्वेयाची आई," पलीकडचा आवाज तुटक होता. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? त्या सूचनेत मुलीचं नाव नव्हतं, म्हणून मी तिला टीव्हीसमोर बसू दिलं. माझे वडील होते ते. काय सांगायचं ते मी ठरवणार होते."

"बरोबर आहे तुमचं," वालबुर्गा म्हणाली. "पत्ता असता तर तुम्हालाच आधी विचारलं असतं."

पलीकडचा आवाज खाली आला. "मी ठरवतच होते हो. नोव्हेंबरपासून ठरवतेय. काल ती आधी ओरडली, मग रडली. मग मी रडले. बाबा गेल्यापासून मी रडलेच नव्हते, तिला कळेल म्हणून. दोघी सोफ्यावरच झोपलो, सकाळी मान आखडली." ती किंचित हसली. "आता विचारतेय, झोपले नाहीत तर आहेत कुठे? आमच्या घरात देवबिव कधी नव्हता. तुमचा तो नुसेल काय म्हणतो यावर?"

"नुसेलला माहीत नाही."

"मी तुम्हाला विचारतेय."

वालबुर्गाने दार लोटून घेतलं. "मला वाटतं, माझी आई देवाजवळ आहे. मी रोज संध्याकाळी तिचं नाव घेते. पण ते माझं झालं. तुम्ही मुलीला तुम्हाला खरंच जे वाटतं तेवढंच सांगा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. तिला चालेल."

"माहीत नाही म्हटलेलं चालतं?"

"खोट्यापेक्षा पुष्कळ चालतं."

मागे कुठेतरी नळ वाहत होता, तो बंद झाला.

"तुम्ही नावं घेता म्हणालात," बाई अडखळत म्हणाली. "आमच्या बाबांचं घ्याल? आम्हाला जमत नाही ते. आम्हाला येतच नाही."

"घेईन की. नाव काय त्यांचं?"

"होर्स्ट."

वालबुर्गा पेन्सिल शोधत होती तोच फोनमध्ये खसखस झाली आणि एक बारीक, ठाम आवाज अगदी कानाशी आला.

"नुसतं होर्स्ट नाही. आजोबा होर्स्ट लिही. आणि ते मेलेत, हे पण लिही. नाहीतर तिकडे कुणाला कळायचं नाही."

"लिहिलं," वालबुर्गा म्हणाली, आणि मग खरोखरच लिहिलं.