दोन घागरी थंड पाणी

मी एक मोटार आहे. चालते असं म्हणायची सोय आता राहिली नाही, म्हणून बोलते.

माझा जन्म बासष्ट सालचा. कुठल्या कारखान्यात ते सांगत नाही. म्हातारपणी माहेरचं नाव कशाला काढायचं. रंग फिकट निळा, दारं चार, आणि बॉनेट इतकं चकचकीत, की माणसं त्यात बघून भांग पाडायची. त्या काळी मोटार मिळायला नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. चिंचवडच्या एका कंपनीतले मोठे साहेब, अण्णासाहेब, माझ्यासाठी सहा वर्षं थांबले होते. इतकी वाट तर त्यांनी बायकोचीही पाहिली नव्हती, असं त्या स्वतःच सांगायच्या.

अण्णासाहेबांनी मला चौदा वर्षं वापरलं. रोज सकाळी पुसायला माणूस ठेवला, गाद्यांना पांढरे अभ्रे शिवले, मागच्या काचेला जाळीचा पडदा लावला. बॉनेट उघडून आत बघायचं मात्र त्यांना कधी सुचलं नाही. माणसं अशीच असतात. दिसतं ते पुसतात, चालतं ते विसरतात. शहात्तर साली मी निळा धूर सोडायला लागले, तेव्हा त्यांनी मला विकायला काढलं.

घ्यायला आला भीमराज. पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिनं तपासायच्या खात्यात तो कामाला होता. ट्रकसाठी तयार झालेलं नवं इंजिन चाचणीला लागलं, की तो नुसता कान देऊन त्यातला दोष सांगायचा. त्यानं 'बरोबर नाही' म्हटलं, की इंजिन परत जायचं. साहेब लोकही त्यावर बोलत नसत.

"इंजिनाला आजवर हात लावावा लागला नाही," अण्णासाहेब म्हणाले.

हे अगदी खरं होतं. लावायला हवा होता, एवढंच.

भीमराजनं मला चालू केलं आणि डोळे मिटून ऐकलं. माझ्या आतली खडखड त्याला ऐकू आली, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यानं डोळे उघडले, पांढऱ्या अभ्र्यांवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाला, "आवाज चांगला आहे."

दिवसाला वीस इंजिनं नापास करणाऱ्या माणसानं मला असं पास केलं.

निगडीत प्राधिकरणाच्या प्लॉटवर भीमराजचं घर उभं राहत होतं. एक खोली आणि ओटा झाला होता, स्वयंपाकघर व्हायचं होतं. त्याच्या बायकोनं, कस्तुराबाईनं, स्वयंपाकघरासाठी विटा आणून परसात रचल्या होत्या. मी दारात उभी राहिले त्या दिवशी तिनं माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "हिला रोज काय लागतं?"

"पेट्रोल, थोडं ऑइल, पाणी."

"आणि आपल्याला?"

भीमराज हसला. ती हसली नाही.

पुढं काय झालं ते जुनी मोटार पाळलेल्या कुणालाही सांगायला नको. आधी माझे प्लग गेले, मग पाण्याचा पंप. मग मी पेट्रोलपेक्षा ऑइलच जास्त प्यायला लागले. थेरगावच्या रस्त्याला अजीज मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज होतं. तिथं माझा मुक्काम घरापेक्षा जास्त. अजीज खरा माणूस. हातातला पाना खाली ठेवल्याशिवाय तो वाईट बातमी सांगायचा नाही. त्यामुळे पाना खाली ठेवला, की भीमराज आधीच स्टुलावर बसून घ्यायचा.

"भीमराजभाऊ, रिंगा गेल्यात. इंजिन उतरवावं लागेल."

"दुसरा काही इलाज?"

"आहे ना. विकून टाका."

भीमराज इंजिन उतरवायला सांगायचा. कस्तुराबाई प्रत्येक दुरुस्तीचा हिशोब विटांत करायची. पंपात खिडकीखालची भिंत गेली, रिंगांत ओटा आणि मोरी. परसातल्या विटा एक दिवस खरोखरच शेजाऱ्याला विकल्या गेल्या. सकाळी कामगारांनी भरलेल्या बसगाड्या निघायच्या तेव्हा शर्टाची बटणं लावत भीमराज मला ढकलत असायचा आणि बसमधून त्याच्या खात्यातली माणसं ओरडायची, "राव, पास की नापास?"

तरी तो मला विकत नव्हता. का, ते मला अठ्ठ्याहत्तरच्या वैशाखात कळलं.

भीमराजचे वडील भिवा माण गावात राहायचे, गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीत. मुलाकडे राहायला येत नसत, म्हणत, "तितं मला कोन वळखतंय?" सत्तरीला आले होते. त्या साली पिंपरीच्या दवाखान्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, जाड भिंगांचा चष्मा आला. एस.टी.चे धक्के डोळ्याला बरे नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि भीमराजला पाहिजे तेच मिळालं.

आदल्या दिवशी तो मला घेऊन अजीजकडे गेला. अजीजनं पाना खाली ठेवला.

"ही तापते. आठ दिवस ठेवा माझ्याकडे. या उन्हात लांब नेऊ नका."

"उद्या आबांना माणला सोडायचंय."

"टॅक्सी करा."

"टॅक्सी नको," भीमराज म्हणाला. "आपल्या गाडीतून न्यायचंय. चावडीवरून."

भिवा जवान होते तेव्हा त्या चावडीपुढून जाताना त्यांच्या वस्तीतल्या माणसांना पायातलं काढून हातात घ्यावं लागायचं. भीमराजनं लहानपणी ते पाहिलेलं होतं. माझ्या खडखडीचा आवाज त्याला चांगला का वाटला होता, त्याचा उलगडा मला तिथं झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. भिवा मागच्या गादीवर मधोमध बसले, नवं धोतर, नवा चष्मा. नदी गेली, थेरगाव गेलं, रस्ता संपून खडी लागली. माझ्या अंगात आग पेटली होती. भीमराज मला चुचकारत होता, "जरा दम काढ, एवढी वेस येऊ दे."

वेस आली. चावडी आली. आणि चावडीच्या बरोबर समोर मी वाफेचा लोट सोडून बंद पडले. शपथेवर सांगते, जागा मी निवडली नव्हती. पण पुढं काही लोकांना माझा संशय आला, आणि मी तो दूर करायच्या भानगडीत पडले नाही.

चावडीच्या कट्ट्यावर मालोजी पाटील बसले होते. जमीन बरीच कमी झालेली, आवाज तेवढाच राहिलेला.

"कुनाची गाडी हाय रं ती?"

"आमची," भीमराज उतरत म्हणाला.

मालोजी काठी टेकत जवळ आले, खिडकीतून वाकले. "कोन? भिवा? तू व्हय?"

"व्हय," भिवा आतूनच म्हणाले. "तुमीच का मालोजीराव? वळखलं न्हाई. डोळं नवं हायत."

ते उतरले नाहीत. उतरायचा त्यांचा विचारही दिसत नव्हता. माझ्यामागं कडब्यानं भरलेली मालोजींचीच बैलगाडी येऊन अडकली. रस्ता तेवढाच रुंद. मी हलल्याशिवाय बैलं घरी जाणार नव्हती.

"काय झालं हिला?"

"पाणी संपलं," भीमराज म्हणाला.

मालोजींनी आपल्या दोन्ही मुलांना हाक मारली. "आरं, पानी आना हिला. आडावरनं काडा."

चावडीला लागूनच तो आड होता. भिवांच्या वस्तीला त्याचं पाणी कधी मिळालं नव्हतं. कायदा होऊन वीस वर्षं उलटली होती, पण कायदा काही घागर घेऊन आला नव्हता. वस्तीतल्या बायका नदीला जायच्या.

पोरांनी दोन घागरी भरून आणल्या. आता हे ऐका. तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी ओतायचं नसतं. अर्धा तास थांबायचं असतं. कारखान्यात पहिल्या दिवशी आलेल्या माणसाला हे सांगतात, आणि ते सांगायचं काम भीमराजचंच होतं. त्यानं फडकं धरून माझ्या रेडिएटरचं झाकण काढलं. पोरगा घागर घेऊन वाकला. भीमराजचं तोंड उघडलं. मला वाटलं, थांब म्हणतोय. पण तो नुसता बघत राहिला, पाटलाचा पोरगा वाकून आपल्या दारच्या आडाचं पाणी ओततोय ते. त्यानं तोंड मिटलं.

पहिल्या घागरीला माझ्या आत 'टक्' असा आवाज झाला. तो भीमराजनंही ऐकला. त्यानं दुसरीही ओतू दिली.

मग मागच्या गादीवरून भिवा म्हणाले, "गाडीला दिलंसा. मला बी तान लागलीया."

मालोजी काठीच्या मुठीकडे बघायला लागले. समोरच्या दारात त्यांची बायको दुर्गाबाई उभी होती. ती आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. खिडकीपाशी येऊन तिनं तो उंच धरला. तिला तेवढंच माहीत होतं; वरून ओतायचं आणि खाली ओंजळ धरायची.

भिवांचे हात मांडीवरून हलले नाहीत.

"ओंजळीनं शितोडं उडत्यात, पाटलीनबाई," ते शांतपणे म्हणाले. "डाक्टरनं सांगितलंय, डोळ्याला पानी लागू द्यायचं न्हाई."

दुर्गाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा काठीकडेच बघत होता. बैलांनी मान हलवली, घुंगरं वाजली. तिनं तांब्या खाली आणला आणि खिडकीतून भिवांच्या हातात दिला. भिवा तोंड लावून पाणी प्याले, सगळं, सावकाश. रिकामा तांब्या परत दिला आणि म्हणाले, "ग्वाड हाय."

तिनं नंतर तो घासला, उन्हात ठेवला की तसाच फळीवर मांडला, मला माहीत नाही. मोटारीला घरात नेत नाहीत.

मी दोन फर्लांग कशीबशी गेले, वस्तीत पोचले आणि संपले. तिसऱ्या दिवशी अजीज जीप घेऊन आला, दोर बांधून मला थेरगावला आणलं. इंजिनाचं हेड उघडलं आणि पाना खाली ठेवला.

"चीर गेलीय. गरम इंजिनात थंड पाणी कोणी ओतलं?"

"गावातल्या पोरांनी."

"आणि तुम्ही काय करत होता? तुम्ही तर इंजिनं पास करता!"

"बघत होतो," भीमराज म्हणाला.

अजीजनं चिरेवरून बोट फिरवलं. दुरुस्तीचा आकडा सांगितला आणि माझ्याऐवजी भीमराजलाच पाणी आणून दिलं.

कस्तुराबाई आठ दिवसांनी गॅरेजवर आली. तिला सगळं कळलं होतं. माझ्याकडे न बघता ती नवऱ्याला म्हणाली, "मामंजींना एक तांब्या पाणी मिळालं. चांगलं झालं. माझं स्वयंपाकघर गेलं त्यात, तेही असू द्या. पण वस्तीतल्या बायका काल कुठं गेल्या पाण्याला?"

"नदीला."

"मग झालं काय एवढं?"

गावात मिरवायचं म्हणून आणलेल्या मोटारीची अशी कुणी चौकशी करील, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

पुढचं मी पाहिलं नाही. मी विटांवर टेकवलेली होते. भीमराज अजीजला सांगत होता ते ऐकलं. पुढच्या रविवारी कस्तुराबाई एस.टी.नं माणला गेली, सासऱ्याच्या घरातली घागर उचलली आणि वस्तीतल्या पाच-सहा बायकांना घेऊन सरळ आडावर गेली. आरडाओरडा झाला. मालोजी कट्ट्यावरून उठून आले.

"मोटारीला चालतं," ती म्हणाली, "तर माणसाला का चालत नाही, तेवढं सांगा. मग जातो आम्ही."

आडावर दुर्गाबाई पाणी शेंदत होती. तिनं आपली घागर भरली, दोर काठावर ठेवला आणि बाजूला झाली. कस्तुराबाईनं दोर उचलला.

"घाबरली नाही?" अजीजनं विचारलं.

"घाबरले होते म्हणाली. पहिली घागर अर्धीच आली."

असं वाटेल, की मग सगळं गोड झालं. तसं नाही. आधी गावानं भरायचं, मग वस्तीनं, असं ठरलं. दोन उन्हाळे ती रांग चालली. मग गावात नळ आला आणि आडाकडे कुणीच फिरकेना. इतकं ज्याच्यासाठी झालं, त्यात आता लोक केरकचरा टाकतात, असं ऐकते.

अजीजनं माझी चीर सांधली. दीड वर्ष मी चिंचवडच्या बाजारापर्यंत जाऊन येत होते. ऐंशी साली भिवा गेले, झोपेतच. त्याच वर्षी निगडीचं स्वयंपाकघर उभं राहिलं. मग चीर पुन्हा उघडली. अजीज म्हणाला, नवं इंजिन माझ्या किमतीच्या दुप्पट पडेल. या वेळी भीमराज वाद न घालता म्हणाला, "राहू दे."

आज ब्याऐंशी साल चालू आहे. मी गॅरेजच्या मागं उभी आहे, चाकांशिवाय. उद्या सकाळी चिंचवडचा भंगारवाला गुलजार हातगाडी आणि गॅस कटर घेऊन येणार आहे. जुनी मोटार घ्यायच्या विचारात असाल, तर माझ्याकडे बघून तो सोडून द्या. आणि सोडवत नसेल, तर इंजिनाचा आवाज ऐकताना आपल्याला ती कुठं न्यायची आहे, ते तेवढं मनाशी खरं बोला.

दुपारी भीमराज कागदावर सही करायला आला होता. कस्तुराबाईही होती, ती बाहेर रस्त्यावरच थांबली. त्यानं बॉनेट उचललं, चीर पाहिली, फडक्यानं जरा पुसली. माझं बॉनेट जोरात आपटल्याशिवाय बसत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नाही. तरी त्यानं ते हळूच टेकवलं आणि निघून गेला. ते अर्धवट उघडंच राहिलं आहे, वारा आत शिरतो.

गुलजारभाई, कामाला लागण्याआधी तेवढं एकदा आपटून बंद करा. त्याच्या हातून ते झालं नाही.