माझा आखूड पाय

मी एक जुने, डुगडुगणारे टेबल आहे. डुगडुगणारे हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्यापाशी बसलेला माणूस पहिल्या मिनिटातच ते सांगतो.

मित्रांनो, ज्या सुताराने मला घडवले तो हाताचा पक्का पण डोक्याने विसरभोळा होता. म्हणून तो प्रत्येक कामाच्या पोटावर पेन्सिलीने सूचना लिहून ठेवी. माझ्या फळीला खालून त्याने ठसठशीत अक्षरांत लिहिले, ‘हा पाय दोन सूत आखूड. खाली चकती ठोकणे. विसरू नये.’ सूत म्हणजे सुतारांचे बारीकसे माप. लिहिले आणि विसरला. त्या दोन सुतांनी माझा जन्मभर पिच्छा पुरवला.

पहिली पंधरा वर्षे मी एका शिंप्याकडे होते. तो पायाखाली चिंधीची घडी सरकवून माझ्यावर कापड बेतायचा आणि गिऱ्हाइकांना म्हणायचा, “टेबल लंगडं आहे, पण इमानी आहे.” त्याची नजर अधू झाली, दुकान बंद झाले आणि मी मागच्या अंगणात रंगाच्या डब्यांखाली पडून राहिले. तिथून मला एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने आपल्या घरी आणले. मी स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत उभे राहिले. या वेळी पायाखाली पुठ्ठ्याची घडी आली.

या घरात आई, बाबा, बारा वर्षांचा दादा आणि आठ वर्षांची खारू. कुठेही फट दिसली की आत शिरते म्हणून हे नाव. शाळेत एकदा तिला मोठ्याने वाचायला उभे केले. ती एका शब्दाशी अडखळली आणि सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून पुस्तक समोर आले की तिच्या तोंडाला कुलूप. शेवटी आईने दोन्ही मुलांना घरीच शिकवायचे ठरवले. सकाळी माझ्यावर पोळ्या लाटल्या जात, पीठ पुसले की गणिताच्या वह्या येत. दादा धडाधड शिकत होता. खारू हिशेब करी, चित्रे काढी, बियांची रोपे मोजी. वाचायला मात्र घेतले की सरळ माझ्याखाली जाऊन बसे.

आणि इथेच माझ्या जिवाला घोर लागला. कारण खाली काय चालते, ते फक्त मला ठाऊक होते.

खाली बसून खारू सुताराच्या अक्षरांवरून बोट फिरवी. आधी ‘हा’. चार दिवसांनी ‘हा पाय’. महिन्याभरात तिने सगळी सूचना लावली. मग ती डाळीची पाकिटे, औषधांची खोकी, बाबांच्या कामातले जुन्या लिफ्टचे माहितीपत्रक असले काहीबाही घेऊन यायची आणि कुजबुजत वाचायची. माझ्या पायाला टेकून म्हणायची, “कुणाला सांगू नकोस हं.”

मी कसे सांगणार? मला तोंड नाही, एक खण आहे.

अशात पत्र आले. घरी शिकणाऱ्या मुलांची प्रगती पाहायला शिक्षण खात्याच्या बाई येणार होत्या. मुलगी वाचत नाही असे दिसले, तर तिला पुन्हा शाळेत पाठवावे लागणार होते. त्या दिवसापासून आईचा हात पोळी लाटताना थांबू लागला.

“आपण हिचं नुकसान तर करत नाही ना?” तिने बाबांना विचारले.

“तू इतकी काळजी करू नकोस,” बाबा म्हणाले आणि स्वतः बिनसाखरेचा चहा तसाच पिऊन गेले.

तपासणीच्या सकाळी घर लख्ख झाले. दादाने उत्साहाच्या भरात माझ्याखालूनही झाडू मारला आणि पुठ्ठ्याची घडी कचऱ्यात गेली. मला ते कळले. माझ्या खणात गोळा आला.

बाई आल्या. शांत होत्या, घाईत नव्हत्या. दादाच्या वह्या पाहून त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी खारूपुढे एक गोष्टीचे पुस्तक ठेवले. “बाळ, एवढं पान वाचून दाखवतेस?”

खारूने ओठ घट्ट मिटले.

“ती जरा लाजाळू आहे,” आई म्हणाली. आवाज तिचा राहिला नव्हता.

बाईंनी उसासा टाकून अर्ज पुढे ओढला. ‘वाचन’ या शब्दापुढची जागा रिकामी होती. त्या लिहिण्यासाठी कोपरावर रेलल्या आणि मी कलणार नाही तर काय? कप खणखणला, चहा बशीत सांडला, पेन भलतीकडेच ओढले गेले. नेमक्या वेळी माती खाल्ली, असे मला झाले. शरमेने मी तिथेच चिरफाळले असते.

“अगं बाई, हे हलतंय,” बाई म्हणाल्या. बाबा पुठ्ठा शोधायला वाकले. पुठ्ठा कुठला मिळायला.

तेवढ्यात खारू सवयीने खाली शिरली. “त्याची चूक नाहीये. त्याचा हा पाय आखूड आहे.”

“तुला कुणी सांगितलं?” बाईंनी विचारले.

“इथे लिहिलंय.”

बाई हळूच म्हणाल्या, “काय लिहिलंय गं?”

आणि खालून तो बारीक आवाज आला, “हा पाय दोन सूत आखूड. खाली चकती ठोकणे. वि... विसरू नये.”

बाई चष्मा सावरत माझ्याखाली आल्या, अक्षरे पाहिली आणि तिथेच मांडी घालून बसल्या. मग खारूने त्यांना खोकल्याच्या औषधाचे अख्खे खोके वाचून दाखवले, मात्रेसकट. अर्जावर त्यांनी लिहिले, ‘वाचते. जागा तिची तिने निवडली आहे.’

बाई गेल्यावर आई जमिनीवर बसली. “मला का नाही सांगितलंस, सोन्या?”

खारू विचार करून म्हणाली, “मी वाचायला लागले की तुझा चेहरा घाबरतो. टेबल घाबरत नाही.”

मित्रांनो, मी वर्षभर किती घाबरत होते, ते माझे मला माहीत. फक्त लाकडाला ते चेहऱ्यावर आणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी चकती ठोकली. इतक्या वर्षांनी मी सरळ उभे आहे. पण सुताराची अक्षरे कुणी पुसली नाहीत. तुमच्याही घरी एखादे जुने लाकूड असेल, तर टाकण्याआधी एकदा वाकून खाली पाहा. आणि तुमच्या शेजारी कोणी अडखळत वाचत असेल, तर त्याला मध्येच शब्द पुरवू नका, हसू तर मुळीच नका.

हल्ली दुपारी आईही माझ्याखाली येते. तिला नीट बसता येत नाही, डोके फळीला लागते. खारू अडखळते तेव्हा आई माझा पाय घट्ट धरते आणि चेहरा हलू देत नाही.