बिनआवाजी ड्रमसेट

रविवारची सकाळ, आणि मी हॉलमध्ये फरशीवर पालथा पडून एका पितळी चकतीला शिव्या घालत होतो. रुपयाच्या नाण्याएवढी चकती. तिला पिझो सेन्सर म्हणतात. ती ड्रमच्या जागी लावलेल्या रबरी पॅडच्या पोटाशी चिकटवायची, दोन तारा जोडायच्या. वरून काठी मारली की चकती थरथरते, तारेतून किंचित वीज जाते आणि हेडफोनमध्ये ड्रम वाजतो. बाहेर काही ऐकू येत नाही. यूट्यूबवरच्या व्हिडिओतल्या पोराने हे सगळं चहा गार व्हायच्या आत जोडून दाखवलं होतं. माझा अख्खा पावसाळा त्यात गेला.

हे करावं लागलं ते खालच्या मजल्यावरच्या गुरुदत्तकाकांमुळे. आमच्या सुकापूरच्या सोसायटीत कुणाच्या हळदीला डीजे लागला तर कोणी हूं की चूं करत नाही, पण मी रविवारी तासभर ड्रम वाजवला की काका सेक्रेटरीच्या दारात. शेवटी मीटिंगमध्ये ठरलं, ड्रम घरात नको. माझा खरा ड्रमसेट उरणच्या मावसभावाच्या, लग्नात वाजवणाऱ्या बेंजो पार्टीला गेला. तो टेम्पोत चढताना मला रडू आलं, लपवत नाही. आठवडाभर तळोज्याच्या कंपनीत साहेबाचं ऐकून घ्यायचं, त्या बदल्यात तो एक तास माझा होता. आता हा घरगुती सेट लागला नाही, तर माझं वाजवणं संपलं.

बाकीची पॅड कशीबशी बोलायला लागली होती. घोडं अडलं होतं पायाच्या ड्रमपाशी. पेडल मारलं की ड्रमऐवजी शेजारची झांज वाजायची, कारण सगळं एकाच लोखंडी फ्रेमवर, एकाचा हादरा दुसऱ्याला. बारीक धक्के सोडून दे, असं लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅमला सांगितलं, तर झांज गप्प झाली आणि पायाचा ड्रमही मुका. मग जोरात मारून बघितलं. तीनदा मारायचं, थांबायचं, लॅपटॉपवर आकडा बघायचा. शून्य. तार काढायची, पुन्हा सोल्डरिंगचा डाग द्यायचा, पुन्हा तीन ठोके. एकदा तारेबरोबर चकतीवरचा पांढरा थरच निघून हातात आला. तेव्हा मी पक्कड भिंतीवर फेकली.

"दुसऱ्यांचे नवरे रविवारी मासळी आणतात," माझी बायको वल्लरी स्वयंपाकघरातून म्हणाली. "आमचा तारा आणतो."

मी पक्कड उचलून आणली. नवी चकती लावली, तीन ठोके मारले, थांबलो. शून्य. डोक्यात तिडीक गेली. आणखी तीन मारले, टाच दुखेपर्यंत.

बेल वाजली. दारात गुरुदत्तकाका. मी भांडायला तयारच होतो.

"काका, आता तरी नको हं," मी आवाज चढवला. "हा बघा हेडफोन. लावा कानाला. घरात बायकोला ऐकू येत नाही, तुम्हाला कसली तक्रार?"

काकांनी हेडफोनकडे बघितलंही नाही. कचरा टाकायलासुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून उतरणारा माणूस, आज नुसत्या बनियनवर आला होता.

"ते ठोके, इंद्रजीत," ते म्हणाले. "गाणं नाही, काही नाही. फरशीतून खाली नुसते ठोके येतात. तीन, मग बंद. परत तीन."

"टेस्टिंग चालू आहे, काका."

"हिला वाटतं, दार वाजतंय."

शशिकलाकाकूंना हल्ली काही आठवत नाही, हे मला माहीत होतं. तरी माझा पारा उतरला नव्हता. "मग सांगा ना त्यांना, वरचा आहे म्हणून."

"सांगितलं. राहत नाही लक्षात." काकांनी चौकटीला हात टेकला. "विश्वजीत बेल वाजवायचा नाही कधी. दारावर तीन थापा मारायचा. ही उठते, विश्वजीत आला म्हणते, दार उघडते. बाहेर कोणी नाही. मग मला विचारते, कुठे राहिला? मग मला सांगावं लागतं."

त्यांचा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला, आम्ही इथे राहायला यायच्याही आधी. त्यांच्या हॉलमधला हार घातलेला फोटो मी पाहिला होता.

"सांगितलं की पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडते. जरा शांत होते, चहा टाकायला उठते, की वरून परत तीन." काकांचा आवाज फाटला. "सकाळपासून किती वेळा सांगू रे तिला? तुझा जुना ड्रम परवडला. त्याचा नुसता राग यायचा."

तुम्हीच तर तो घालवलात, हे अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं. स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात खाली कडी वाजली. काका दचकले. त्यांच्या आधी मीच जिना उतरलो, अनवाणी.

काकू उघड्या दारात उभ्या होत्या, पदर सावरत, जिन्याकडे बघत. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच गोंधळला.

"दार कोण वाजवत होतं रे?" त्यांनी विचारलं.

काका मागून एकेक पायरी खाली येत होते. आता पुन्हा त्यांनाच सांगावं लागणार होतं.

"मी, काकू," मी म्हणालो. "सकाळपासून मीच वाजवत होतो."