गाठीभोवतीचं चांगलं मांस

दुकानदाराने सांगितलेल्या भावाला भागूबाईने आयुष्यात कधी वस्तू घेतली नाही. कर्जतच्या बाजारात ती भाजी विकायची, त्यामुळे घासाघीस तिला दोन्ही बाजूंनी पाठ. पण ही बाई ऑपरेशनच्या चिरेवरूनही घासाघीस करेल, असं कोणाला वाटलं होतं!

उजव्या खांद्यावर पहिल्यांदा गाठ आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, मोठी चीर द्यावी लागेल. "एवढ्याशा गाठीला एवढं कशाला? बारीकच द्या," म्हणून ही अडून बसली. गाठ तेवढी निघाली, आणि वर्ष-दीड वर्षात तिथंच परत आली. दुसरा डॉक्टर गाठला. तोही हिच्या तोंडापुढे टिकला नाही. आता तिसऱ्यांदा आली ती चांगली लिंबाएवढी, आणि तुकडा तपासायला पाठवला तर कॅन्सर निघाला.

या खेपेला पनवेलच्या इस्पितळात डॉक्टर नाजनीन होती, माहेरची कर्जतशेजारच्या खालापूरची. ते कळल्यावर भागूबाईला जरा धीर आला.

"तू तर आपलीच पोर गं. थोडक्यात भागव."

"मावशी, गाठ दिसते तेवढीच नसते. तिचे बारीक धागे आजूबाजूला गेलेले असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. ते मागे राहतात म्हणून ती परत येते." नाजनीनने पेनाने खांद्यावर रेघ ओढली, गाठीपासून दोन बोटं लांब, सगळीकडून.

"अगं, ते चांगलं मांस हाय!"

"तेही काढायचं. खालचा स्नायूसुद्धा. नंतर हात खांद्याच्या वर जाणार नाही. पण या वेळी कमी काढलं आणि परत आली, तर अख्खा हात जाईल."

भागूबाईने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. डोक्यावरची पाटी धरायची कशाने?

तिचा नवरा आबाजी कोपऱ्यात बसला होता. दुकानदार मागेल तेवढे देऊन येणारा भोळा सांब. त्यापायी त्याने जन्मभर बायकोची बोलणी खाल्ली. तो उठला आणि हात जोडून म्हणाला, "मॅडम, एक बोट तरी कमी करा ना. ह्याच हातानं समदं केलंय तिनं."

भागूबाईला रडूच कोसळलं. पदराने डोळे पुसता पुसता ती त्याच्यावरच खेकसली, "गप बसा तुमी! मी दोनदा कमी करून घेतलं, काय मिळालं? घरी जा नाय तर."

आबाजी खाली बसला.

"घे गं बाय तुला पायजे तेवढं," भागूबाई नाजनीनला म्हणाली. "वर अजून बोटभर घे. पण समदी काढ."

मग तिने उजवा हात वर नेला आणि सुटलेला अंबाडा बांधायला घेतला. तो नीट बांधून झाला, तरी हात खाली घ्यावासा तिला वाटेना.