चाकांचा भाव

पाटी रंगवायला दिली त्या दिवशी लेनुत्सानं सगळ्याला भाव लावला होता. गाडी नुसती आतून करायची साठ पौंड, आतून-बाहेरून शंभर, ओरखडे घालवून पॉलिश हवं तर दीडशे. कुत्र्याचे केस असतील तर वीस जास्त. पोर ओकलं असेल तर पंचवीस. दूध ओकलं असेल तर पस्तीस, कारण दुधाचा वास काढायला सीट उचकटावी लागते. माणसाच्या अंगातून जे जे बाहेर पडून गाडीत सांडू शकतं, त्या सगळ्याची किंमत तिनं ठरवली होती.

"रक्त?" तिबीनं विचारलं.

"रक्त सांडलं तर लोक पोलिसांकडे जातात."

"सगळे नाही जात, वहिनी."

"मग लिही चाळीस."

तिबी तिचा धाकटा दीर. नवरा तिकडे रोमानियात, बोतोशानीजवळच्या गावात घर बांधत होता. सात वर्षं बांधत होता. पैसे इकडून जायचे, तिकडून छपराचे फोटो यायचे, आणि दर फोटोत छप्पर अर्धंच. इकडे इंग्लंडात, ग्रिम्सबीत, दीर-भावजयच एकमेकांना धरून होती. आठ वर्षं दोघांनी आगिम नावाच्या माणसाच्या गाडी-धुलाईवर काढली. बंद पडलेल्या एका पबचं अंगण, त्यात पाण्याची पाइपं, आणि बाहेर फळा: गाडी धुवा, आठ पौंड. आठ पौंडांत पाच माणसं गाडीला चिकटायची. आत गाडीचा मालक काचा वर करून, हीटर लावून मोबाइल बघत बसलेला. आठ भागिले पाच किती, हा प्रश्न त्या गावात एकालाही कधी पडला नाही. शाळा सगळे शिकलेले होते.

आगिमकडे एक रीत होती. चाकांचे पैसे मागायचे नाहीत. गाडी आत आली की आधी चाकांवर निळ्या पिंपातलं ॲसिड फवारायचं. ब्रेकची काळी भुकटी, जी ब्रशनं घासून घासून निघत नाही, ती वितळून खाली यायची. चाक चांदीसारखं. त्या ॲसिडची खोड अशी की ते लागतं तेव्हा कळत नाही. हातमोज्याला सुईएवढं भोक असेल तरी आत शिरतं, आणि कातडीवर थांबत नाही, थेट हाडाकडे जातं. दुखायला लागतं ते संध्याकाळी, घरी गेल्यावर. अंगणातल्या लोकांचा त्यावर एकच इलाज होता, हात दुधात बुडवून बसायचं. लेनुत्साच्या उजव्या करंगळीचं नख कधीच पांढरं पडून गेलं होतं, परत आलं नाही.

म्हणूनच मासळीच्या जुन्या गोदामांमागे स्वतःचा गाळा घेतला तेव्हा तिनं पहिली गोष्ट सांगितली ती ही, "निळं पिंप या दारातून आत येणार नाही." चाकांसाठी तिनं सौम्य औषध आणलं. महाग होतं, आणि एका चाकाला दहा मिनिटं ब्रश मारावा लागायचा. पण हातांना काही करत नव्हतं.

आणि एवढं सगळं करून पाटीवर चाकांचा भाव लिहायला दोघंही विसरली. विसरली तरी कसं म्हणायचं? आठ वर्षं चाकं हे काम नव्हतंच. पाहुण्याबरोबर चपला येतात तशी गाडीबरोबर चाकं यायची.

पहिल्या दोन आठवड्यांत तीन गाड्या आल्या. गाळ्याचं भाडं मात्र वेळेवर भरायचं आलं. मग क्लाइव टास्कर आला. जुन्या गाड्या विकायचा धंदा, पोटावर ताणलेला स्वेटर, आणि जगातली प्रत्येक बाई त्याची पोरगी.

"दर आठवड्याला बारा गाड्या," तो म्हणाला. "शुक्रवारी सकाळी मला मांडायला हव्यात. आतून-बाहेरून. बोल पोरी, काय घेशील?"

"सत्तर."

तो इतका हसला की त्याला गाडीला टेकावं लागलं. "आगिमला विचारू का?"

"आगिम सीटखाली हात घालत नाही. गिऱ्हाईक सीटखाली बघतं."

"ते मला नको सांगू. पस्तीस."

चाळिसावर आले. तिनं मनातल्या मनात तास मोजले होते. दोन माणसं, आत एवढा वेळ, बाहेर एवढा. कसंबसं जमत होतं. टास्करनं हात पुढे केला आणि जाता जाता म्हणाला, "चाकं त्यातच ना?"

"चाकं त्यातच," ती म्हणाली. आठ वर्षं म्हणत होती तसंच. तोंडातून गेलं.

गुरुवारी कळलं. एका गाडीची चाकं म्हणजे चाळीस मिनिटं. बारा गाड्यांचे आठ तास. म्हणजे तिसऱ्या माणसाचा अख्खा दिवस तिनं फुकट देऊन टाकला होता, आणि तिसरा माणूस नव्हता. तिनं टास्करला फोन लावला. चाकांचे दहा वेगळे द्या म्हणाली.

"तूच म्हणालीस, त्यातच," टास्कर म्हणाला. "शब्द दिलास. तुमच्याकडे शब्दाला काही असतं की नाही मला माहीत नाही, आमच्याकडे असतं."

तिबी ऐकत होता. "काय म्हणतो?"

"शब्द म्हणतो."

"शब्दानं चाकं घासता येतात का त्याच्या?"

ती हसली नाही. पुढच्या आठवड्यात ती फडकी आणायला गेली आणि परत आली तेव्हा सगळ्या गाड्यांची चाकं झाली होती. चांदीसारखी. गाळ्यात तो वास होता, नाकात वर जाऊन बसणारा. व्हॅक्युमच्या मशीनमागे ताडपत्री टाकलेली होती. ताडपत्रीखाली काय आहे ते तिला बघायची गरज नव्हती. तिबी पाठमोरा उभा राहून काच पुसत होता, पुसून झालेली काच पुन्हा पुसत होता.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

तिनं एवढंच विचारलं. बारा गाड्या तयार होत्या, भाडं द्यायचं होतं. करंगळीचं नख गेलेली, सगळं माहीत असलेली बाई गप्प बसली, आणि पुढचेही दोन गुरुवार फडकी आणायला गेली.

चौथ्या आठवड्यात तिबी शुक्रवारी कामाला आला नाही. ती त्याच्या खोलीवर गेली. तो पलंगावर बसला होता, मांडीवर पातेलं, पातेल्यात दूध, दुधात उजवा हात.

"कधीपासून?"

"काल संध्याकाळपासून. जाईल, वहिनी. आगिमकडे असताना जायचंच ना."

"हात काढ बाहेर."

दोन बोटांची टोकं राखाडी झाली होती, मेणबत्तीच्या टोकासारखी. तो रडत नव्हता. दातांनी उशीचा अभ्रा फाडला होता.

"दवाखान्यात का नाही गेलास, गाढवा?"

"काय सांगू तिथे? वहिनीनं नको म्हटलेलं आणलं म्हणून सांगू?"

त्याला वाटत होतं तिला ठाऊक नाही. शेवटपर्यंत तसंच वाटू द्यावं असं तिच्या मनात येऊन गेलं. मग ती म्हणाली, "मला वास आला होता. पहिल्याच दिवशी."

त्यानं हात पुन्हा दुधात बुडवला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दवाखान्यात कॅल्शियमचं मलम लावलं, सुया टोचल्या. डॉक्टरीणबाईंनी, लागल्या लागल्या आला असतात तर, असं म्हटलं. दोन बोटं पेरापासून काढली.

लेनुत्सानं निळं पिंप परत नेऊन दिलं आणि रंग आणून पाटीच्या तळाशी, रक्ताच्या ओळीखाली, स्वतः लिहिलं: चाकं, चाळीस. अक्षर वाकडं आलं. टास्करला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "चाळीस? अख्ख्या गाडीचे देतो मी चाळीस." त्या आठवड्यापासून त्याच्या गाड्या आगिमकडे जायला लागल्या. तिथं चाकं फुकट होतीच.

बँडेज सुटल्यावर तिबी कामावर आला. पाटी वाचली.

"पूस ते, वहिनी. उपाशी मरू."

"नाही पुसणार."

"माझी बोटं उगवणार आहेत का त्यानं?"

त्याच दुपारी एक बाई मोठी गाडी घेऊन आली. पाटी खालपर्यंत वाचून तिनं भुवया वर केल्या. "चाकांचे चाळीस? पलीकडे तर काहीच घेत नाहीत."

लेनुत्सा तिबीकडे वळली. "दाखव यांना हात."

तिबीनं हात खिशात घातला. "मी काय तुझी जाहिरात आहे?" तो रोमानियनमध्ये म्हणाला, आणि आत जाऊन डाव्या हातानं व्हॅक्युम सुरू केलं.

"मग चाकं राहू देत," बाई म्हणाली.

शंभर पौंडांत गाडी अशी निघाली की छतात आभाळ दिसत होतं. खाली चारी चाकं काळी ठिक्कर. बाई तशीच घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी आलेल्या दोघांनीही चाकं राहू दिली. हळूहळू गावात ओळखीची झाली त्या गाळ्याची गाडी: वर आरसा, खाली काजळी. कोणी हसायचं, कोणी विचारायचं, चाळीस कोणी देत नव्हतं. तिबी तिच्याशी कामापुरतं बोलायचा. भाड्याला दर महिन्याला थोडे कमी पडायचे आणि ते बोतोशानीच्या छपरातून कापले जायचे.

पाटी तिनं पुसली नाही.