दिलेली कोंबडी

"कोंबडी घेऊन गेलात तेव्हा आधी पोराला विचारलं होतं का?"

प्रोबेशन अधिकारी म्मे मोखेथी यांचा आवाज चढलेला नव्हता. त्या भागात आईलाही म्मेच म्हणतात आणि साहेबबाईंनाही. सकाळपासून त्यांनी अशा बऱ्याच आयांना बरंच काही विचारलं असावं, आणि अजून दिवस उरला होता.

मालिनेओने मांडीवरची घोंगडी सारखी केली. "विचारायचं काय त्यात, म्मे? शेजाऱ्याची वस्तू गेली. आमचं पोर त्याच्या भिंतीशी बसलेलं दिसलं. आधी जाऊन माफी मागायची, खरंखोटं मग बघायचं. आमच्या गावात असंच करतात."

"माझ्याही गावात असंच करतात," म्मे मोखेथी म्हणाल्या. "पण हवालदाराच्या गावात नाही करत."

लेरिबेच्या कोर्टाच्या मागे मुलांच्या कामासाठी ठेवलेल्या त्या लहानशा खोलीत शेगडी होती, पण तिच्यात रॉकेल नव्हतं. बाहेरच्या बाकावर तिचा मुलगा केकेत्सो बसला होता. चौदा वर्षांचा, शाळेची करडी जर्सी घातलेला, बाह्या मनगटाच्या वर आलेल्या.

झालं होतं ते एवढंच. शेजारचे न्ताते सेखोबे, म्हणजे सेखोबेबाबा, खाणीतून खोकला घेऊन परत आलेले, एकटे राहणारे म्हातारे. त्यांच्या पत्र्यावर एक सोलर पॅनेल होतं आणि अर्धं गाव आपले फोन त्यावर चार्ज करून नेई. एका रात्री ते पॅनेल गेलं. म्हाताऱ्याच्या जावयाने त्याच दिवशी पोलिसांत तक्रार केली. संध्याकाळी पाण्याच्या नळावर कुणीतरी बोललं, की केकेत्सो आदल्या दिवशी त्या भिंतीशी बराच वेळ बसला होता. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मालिनेओ दिराला बरोबर घेऊन, पिशवीत कोंबडी घालून म्हाताऱ्याच्या दारात उभी. "जर माझ्या लेकराने हे केलं असेल, तर आम्हाला माफ करा," असं ती म्हणाली. दिरानेही तसंच म्हटलं. म्हाताऱ्याने कोंबडी घेतली, कारण अशा वेळी न घेणं म्हणजे भांडण.

मग हवालदार आला. अंगणातली कोंबडी कुणाची, असं त्याने विचारलं आणि म्हाताऱ्याने खरं तेच सांगितलं. मालिनेओने म्हटलेला तो 'जर' हवालदाराने लिहून घेतला नाही. मुलाच्या आईने गुन्हा कबूल केला, एवढंच त्याने लिहिलं आणि केकेत्सोला चौकीवर नेलं.

पोराला कोठडीत ठेवायचं नाही असा कायदा आहे, म्हणून त्याच संध्याकाळी तिची सही घेऊन त्याला घरी सोडलं. नंतर म्मे मोखेथी घर बघून गेल्या. शाळेत जातो का, बाप कुठे आहे, घरात कोण कोण खातं, सगळं विचारलं. बाप सीमेपलीकडे कामाला गेला तो तिकडचाच झाला, हे सांगताना मालिनेओला नेहमीसारखी लाज वाटली. खरं तर लाज त्याला वाटायला हवी होती.

"आता नीट ऐका," म्मे मोखेथी म्हणाल्या. "आज खटला नाही. आज फक्त पुढे काय करायचं ते ठरणार. केकेत्सोने केलं असेल आणि तो स्वतःच्या मनाने तसं म्हणाला, तर खटलाच होणार नाही. म्हाताऱ्याची माफी मागायची, त्याच्याकडे काही दिवस काम करायचं, संपलं. गुन्हेगार म्हणून त्याचं नाव कुठेही लागणार नाही."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर खटला चालेल. सरकार वकील देईल. तुमची ती कोंबडी आपण कोर्टाला समजावून सांगू, सुटेलसुद्धा. पण तारखा पडतील. म्मे, त्याने केलं नसेल तर त्याला हो म्हणायला लावू नका. तसं करायला कायदा सांगत नाही, मीही सांगत नाही."

मालिनेओच्या कानात 'तारखा' हा एकच शब्द राहिला. मापुत्सोएच्या कारखान्यात ती जीनच्या पँटींचे मागचे खिसे शिवायची. तरुणपणापासून खिसेच. पुढचे खिसे शिवणारी बाई वेगळी होती. एक दिवस गैरहजर राहिलं तर मुकादम नुसता बघतो, दुसऱ्यांदा नाव विचारतो, आणि त्यानंतर फाटकाबाहेर हात बांधून उभ्या असलेल्या बायकांमधली एक आत येते. पोलीस चौकीसाठी एक खाडा झाला होता, म्मे मोखेथी घरी आल्या तेव्हा दुसरा, आणि आजचा हा तिसरा.

ती बाहेर येऊन बाकावर बसली.

"केकेत्सो, तू घेतलंस का ते?"

त्याने तिच्याकडे वळून पाहिलं. "आत्ता विचारतेस?"

"आत्ता विचारतेय."

"नाही घेतलं. त्या भिंतीवर ऊन उशिरापर्यंत असतं, म्हणून बसलो होतो."

तिला ते पटलं. हिवाळ्यात त्या भिंतीवर ऊन रेंगाळतं हे तिलाही माहीत होतं, लहानग्या लेकीला, लिनेओला, मांडीवर घेऊन ती स्वतः तिथे बसलेली होती. तिला लगेच पटलं, आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला. पोर खोटं बोलत असतं तर पुढचं बोलणं सोपं गेलं असतं.

"तरी आत जाऊन हो म्हण," ती म्हणाली.

त्याने जर्सीच्या आखूड बाह्या मनगटापर्यंत ओढल्या.

"मी दमलेय रे. पुन्हा पुन्हा इथे येणं मला नाही झेपायचं. काम गेलं तर खायचं काय? हो म्हण, आजच्या आज घरी जाऊ."

"तू माझी कोंबडी दिलीस."

"दुसरी घेऊ."

"दुसरी कशाला," तो म्हणाला. "ती मी वाढवली होती."

ते खरंच होतं. थंडीत अर्धमेलं पिल्लू त्याने खोक्यात घालून चुलीशी ठेवलं होतं, आणि मोठी झाल्यावरही त्याने जीभ टाळूला लावून टक् केलं की ती धावत यायची. अंधारात हाताला लागली ती कोंबडी धरली, असं मालिनेओ स्वतःला सांगत आली होती. पण हाताला ती का लागली, हेही तिला ठाऊक होतं. तेवढी एकच माणसाच्या हाताला बुजत नव्हती.

मॅजिस्ट्रेट बाईंनी झगा घातला नव्हता, साधा हिरवा स्वेटर होता. मुलं घाबरू नयेत म्हणून तसं करतात. त्यांनी केकेत्सोला जवळच्या खुर्चीवर बसवलं, काय चाललंय ते साध्या शब्दांत सांगितलं आणि मग विचारलं.

"हो," तो म्हणाला. "मी घेतलं."

"आणि ते आता कुठे आहे?"

"विकलं. ओळखीचा नव्हता तो माणूस."

"हे तू तुझ्या मनाने सांगतोयस? कुणी सांगायला लावलेलं नाही ना?"

"नाही, म्मे. कुणी नाही."

तो आईकडे वळला नाही. सांडलेल्या दुधाबद्दलसुद्धा ज्याला धड थाप मारता येत नव्हती, तो पोरगा हे सगळं सरळ बोलून गेला. म्मे मोखेथींनी मान वर केली आणि मालिनेओकडे पाहिलं. ती खिडकीकडे बघत राहिली.

"केकेत्सो, जरा बाहेर जाऊन माझ्याशी बोलायचंय का?" म्मे मोखेथींनी विचारलं.

"नको," तो म्हणाला. "आम्हाला घरी जायचंय."

टॅक्सीच्या नाक्यावर मालिनेओने त्याला गरम माक्वेन्या घेऊन दिल्या. त्या तळलेल्या गोळ्यांचा कागद त्याने मांडीवर ठेवला आणि गाव येईपर्यंत उघडला नाही. आपण जिंकलो असं तिला वाटायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात खिसे शिवत होती, मुकादम या खेपेपुरता काही बोलला नाही.

गावाच्या मुखियासमोर केकेत्सोने माफी मागितली. न्ताते सेखोबे खोकत म्हणाले, "झालं गेलं, पोरा. उद्यापासून ये." मग तो रोज शाळेतून थेट तिकडे जाऊ लागला. पाणी भरायचा, शेण गोळा करायचा, गोठ्याची ढासळलेली भिंत लिंपायचा. पॅनेल काही सापडलं नाही.

पण कोंबडीला कोर्टाचं काही कळलं नव्हतं. अंधार पडायला लागला की ती भिंतीवरून उडी मारून आपल्या जुन्या घरी झोपायला यायची. पहिल्यांदा आली तेव्हा मालिनेओला बरं वाटलं.

"राहू दे," ती म्हणाली. "आली तर आली. म्हातारा काही मागायला येत नाही."

केकेत्सोने जीभ टाळूला लावली. कोंबडी धावत आली. त्याने तिला उचलून काखेत घेतलं.

"दिलीय ती, म्मे," तो म्हणाला आणि निघाला.

मग रोजचंच झालं. नळावरच्या बायका त्याला कोंबडी घेऊन जाताना बघायच्या. मुखियाची बायको एकदा मालिनेओला म्हणाली, "बघ, कसा सुधारला पोरगा. वेळीच कान धरला ते बरं केलंस." मालिनेओने बादली उचलली आणि हो म्हटलं.

एक दिवस डोंगरावर बर्फ पडलं होतं. चुलीवर मक्याचं पीठ शिजत आलं होतं आणि मालिनेओ दारात उभी होती. केकेत्सो समोरून गेला. कोंबडीला वारा लागू नये म्हणून त्याने तिला जर्सीच्या आत घेतलं होतं. म्हाताऱ्याच्या दाराशी जाऊन त्याने हाक मारली, "न्ताते, तुमची कोंबडी."

"अरे, किती थंडी आहे," आतून म्हातारा म्हणाला. "आजच्या रात्री राहू दे की तुमच्याकडेच."

"नको, न्ताते. आमच्या घरात तुमचं काही नको."

मालिनेओ आत आली. तिने पातेल्यावर झाकण ठेवलं, पातेलं चुलीच्या कडेला ओढलं आणि तो परत येण्याची वाट बघत बसली.